काढलेल्या दाढेची नोंद

"आजी, तुमच्या हिरड्यांचा आजार जुना आहे. पेरिओडोन्टायटिस," हिंगोलीच्या दातांच्या दवाखान्यात नव्यानं आलेली डॉक्टरीणबाई म्हणाली. मी म्हटलं, मला समजेल असं सांग. तिनं सांगितलं, हिरडी दातापासून सुटते, मधे फट पडते, फटीत घाण बसते आणि आतलं हाड झिजतं. हाड झिजलं की दात हलतो. तुमचे खालचे पुढचे चार हलतात. ते राहतील की काढावे लागतील, हे आज सांगता येत नाही.

मला आजाराचा राग आला नाही. याच दवाखान्यात मी दोन वर्षं येत होते, त्याचा आला.

माझं गाव सेनगाव तालुक्यात. आधी जीप, मग एसटी. पहिल्यांदा आले ते चावलेल्या भाकरीला रक्त लागलं म्हणून. दुखत काहीच नव्हतं. तुम्ही हे ध्यानात ठेवा. हा आजार दुखत नाही, आणि दुखायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

तेव्हा दवाखान्याचे मालक डॉक्टर स्वतः बघायचे. त्यांनी छोटा आरसा तोंडात फिरवला आणि दात खरवडून साफ केले. त्याला स्केलिंग म्हणतात. कंप्युटर नुकताच आला होता. त्याच्यापुढं बसलेली मुलगी माझ्याकडं न बघता विचारत होती.

"तंबाखू खाता?"

"न्हाई."

तिनं बटण दाबलं.

पुढं दर चार-सहा महिन्यांनी हेच. डॉक्टर पडद्याकडं बघून म्हणायचे, "मागच्यासारखंच आहे, आजी. छान आहे." मी घरी जाऊन सुनेला सांगायची, छान आहे म्हणे. मग वरची एक दाढ इतकी हलायला लागली की त्यांनीच ती काढली. "वय झालं, आजी," एवढंच बोलले. मी ऐकून घेतलं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.

आजाराचं नाव सांगण्याआधी नव्या डॉक्टरीणबाईनं एक बारीक बोथट सुई घेतली. तिच्यावर रेघा होत्या. एकेका दाताभोवती सहा ठिकाणी ती सुई हिरडीत घालून ती फटीची खोली मिलिमीटरमधे मोठ्यानं बोलायची. सहा. सात. सात. तीनपर्यंत चालतं म्हणाली. दोन वर्षांत असली सुई माझ्या तोंडात कुणी घातली नव्हती.

मग तिनं कंप्युटरातली जुनी नोंद उघडली आणि परत माझ्या तोंडात बघितलं.

"आजी, ही वरची दाढ कधी काढली?"

"दिवाळीच्या आधी. हितंच."

"इथं लिहिलंय की दिवाळीनंतरच्या खेपेला तिची फट तीन मिलिमीटर होती."

"दाढच न्हाई तर फट कशाची मोजली?"

तिनं जुन्या नोंदी दाखवल्या: पहिल्या दिवशी कंप्युटरपुढच्या त्या मुलीनं सगळ्या दातांपुढं तीन-तीन भरून टाकलं होतं. पुढच्या वेळी कंप्युटर मागचेच आकडे दाखवायचा, आणि ती ते बराबर आहेत म्हणून बटण दाबायची. डॉक्टर तेच वाचून मला छान आहे म्हणायचे.

मी बाहेर जाऊन मालकांना धरलं. ते म्हणाले, "आजी, जुने आकडे आपोआप येतात. यात कुणाची चूक नाही."

"आपोआप? मग माझी दाढ बी आपोआप गेली का? चिमटा तर तुमच्या हातात होता!"

बाकावरची माणसं हसली. डॉक्टर लाल झाले. "ओरडू नका, बाकीचे पेशंट बसलेत."

"त्येंनी ऐकावं म्हणूनच ओरडून राहिले."

डॉक्टरीणबाईनं मला आत नेऊन बसवलं. म्हणाली, दोन वर्षांचे खरे आकडे असते तर आजार किती वेगानं वाढतोय ते कळलं असतं, आणि त्या चार दातांचं आजच ठरवता आलं असतं. आता खोलवर साफ करून तीन महिने वाट बघावी लागेल. बोलता बोलता तिनं माझा उजवा हात उचलला आणि पहिलं बोट बघितलं.

"मिशरी लावता ना, आजी?"

"लावते की. लगीन झाल्यापासून, दिवसातून दोनदा."

"कंप्युटरात तर तंबाखू नाही असं आहे."

"मिशरी काय खातेत व्हय? लावतेत."

ती हसली. "आमच्या तांड्यावर माझी आजी बी हेच म्हणायची. तव्यावर जाळला तरी तंबाखू तो तंबाखूच, आजी."

ही माझी चूक, मी झाकत नाही. आमच्याकडं तंबाखू गडी खातात, बाया मिशरीनं दात घासतात. दोन्ही एकच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण माझं काळं बोट दोन वर्षं त्या मुलीच्या टेबलावरच होतं. बघितलं कुणी?

मिशरी सोडली. पंधरा दिवस डोकं ठणकलं आणि मी घरात सगळ्यांवर खेकसले. हिरडी बधिर करून दोनदा खोल सफाई झाली. तीन महिन्यांनी गेले ती स्वतःची वही घेऊन. चौथी शिकलेय, आकडे येतात. "मोठ्यानं बोल पोरी, मी बी लिहून राहिले," म्हटलं. ती एकेक आकडा थांबून बोलली.

चारातले दोन गेले. त्यांची फट आठवर पोचली होती. दोन राहिले, ते चारवर आले.

त्या पोरीचे उपकार मानते. तिनं आधी माझ्या तोंडात बघितलं, मग पडद्यावर. तुम्हाला कुणी छान आहे म्हटलं तर खुर्चीतून उठू नका. विचारा, मोजलं का? किती? मागं किती होतं? आणि मिशरी लावत असाल तर विचारायची वाट न बघता सांगा.

दवाखान्याच्या कंप्युटरात आता काय आहे, मला माहीत नाही. माझी वही लोखंडी पेटीत आहे. पहिल्याच पानावर त्या वरच्या दाढेपुढं मी माझ्या हातानं लिहिलंय: नाही.