तारमास्तरांच्या पुस्तकात न सापडलेलं पान

तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात यंत्रांची खोली वेगळी आणि हातकामाची वेगळी होती. हातकामाच्या खोलीत बायका काजं करीत, बटणं लावीत, तुरपाई करीत. सुईला आवाज नसतो. त्यामुळे तिथे बोलणं शक्य होतं, आणि बोलून बोलून कंटाळा आला की ऐकणं. जेवणाच्या सुट्टीनंतर एकीने पुस्तक वाचायचं आणि तिच्या वाटचे कपडे बाकीच्यांनी आपसांत वाटून घ्यायचे, अशी तिथली रीत होती. मालकाने एकदा हरकत घेतली. पण वाचन बंद पडलं तेव्हा बटणं कमी लागली आणि भांडणं जास्त झाली, म्हणून तोही मग मूग गिळून बसला.

वाचण्याचं काम बहुधा एकाच बाईकडे असे. तिची भावजय त्याच खोलीत काजं करी. ती भावजयीला ‘वहिनी’ म्हणे, म्हणून सगळी खोली तिला वहिनी म्हणू लागली. आणि वहिनी नणंदेला ‘वन्सं’ म्हणत, म्हणून वाचणारी सगळ्यांचीच वन्सं झाली.

वहिनींना वाचता येत नव्हतं असं नाही. पण वाचायला हात मोकळे लागतात, आणि त्यांचे हात दिवसभर सुईला, संध्याकाळी संसाराला बांधलेले होते. पुस्तक ही त्यांच्या लेखी कानांनी घ्यायची गोष्ट होती. त्यांचा आवडता लेखक एकच. तो पूर्वी तारखात्यात नोकरीला होता असं मलपृष्ठावर छापलेलं असल्यामुळे खोलीत त्याचं नाव ‘तारमास्तर’ पडलं होतं. त्याच्या एका कादंबरीत मुलगी भांडून घर सोडते आणि फार दिवसांनी, अंधारून आल्यावर, परत येते. आई दार उघडते. कुठे होतीस, काय केलंस, काही विचारत नाही. एवढंच म्हणते, ‘दार लाव आतून. वारा येतोय.’ तिथे पुस्तक संपतं.

हे वाक्य वहिनींनी ऐकलं तेव्हा त्यांची स्वतःची मुलगी बापाशी भांडून घरातून गेलेली होती. पुढे ती एका संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा महिनोन् महिने मनात रचून ठेवलेले सगळे प्रश्न वहिनींनी गिळले आणि म्हणाल्या, “दार लाव आतून. वारा येतोय.” वारा मुळीच नव्हता. मुलगी आत आली आणि राहिली. माणसं लेखकावर का प्रेम करतात याची कारणं पुष्कळदा भाषेत, शैलीत शोधली जातात. वहिनींचं कारण त्यांच्या घरात चालत-बोलत होतं.

कारखाना बंद झाला, वहिनींचे यजमान गेले, मुलगी नोकरीला लागली आणि वहिनींचे हात आयुष्यात पहिल्यांदा मोकळे झाले. त्या पेठेतल्या वाचनालयात जाऊ लागल्या. ग्रंथपालबाईंनी वाचकांची एक बैठक ठरवली होती: प्रत्येकाने आपला आवडता लेखक कोण आणि का, हे सांगायचं. वहिनींनी आपणहून नाव दिलं आणि तयारी म्हणून तारमास्तरांची ती कादंबरी घरी आणली.

शेवटच्या पानावर मुलगी दारापर्यंत येते. आत दिवा दिसतो, आईची सावली दिसते. ती हात उचलते, आणि दार न वाजवताच मागे फिरते. पुस्तक संपतं.

वहिनींनी पान उलटून पाहिलं. पुढे कोरा कागद होता. मग मागची पानं चाळली. दुसऱ्या दिवशी त्या ग्रंथपालबाईंकडे गेल्या.

“या पुस्तकाची दुसरी प्रत आहे का? यातलं पान गळलंय.”

बाईंनी दुसरी प्रत काढली, पानांचे आकडे ताडून पाहिले. “नाही हो, सगळं जागेवर आहे. कुठलं पान म्हणता?”

“आई दार उघडते ते.”

“दार? ती तर तशीच परत जाते ना? मला आठवतंय, मी रडले होते.”

वहिनी “हो, हो, बरोबर” म्हणाल्या आणि घरी आल्या. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आई आधी काही विसरली नव्हती. आधी तिला न घडलेल्या गोष्टी आठवू लागल्या होत्या, तपशीलवार, शपथेवर. शेवटी तिने पोटच्या मुलीला ओळखणं सोडलं. तो काळ वहिनींनी जवळून काढला होता. आता त्यांनी तारमास्तरांचं आणखी एक पुस्तक आणलं. त्यातले आजारी शाळामास्तर त्यांना आठवत होते ते बरे होऊन अंगणात खुर्ची टाकून बसलेले. पुस्तकात ते मेले होते.

मग त्या गुपचूप स्वतःची परीक्षा घेऊ लागल्या. शेजाऱ्यांच्या नातवंडांची नावं आठवून पाहायची. दूध उतू गेलं की गॅसपाशी उभं राहून घाबरायचं. मुलीला त्यांनी काही सांगितलं नाही. जे वाक्य तिच्या परतण्याशी जोडलेलं होतं तेच जर मनाने रचलेलं असेल, तर तिच्याबद्दलची बाकीची आठवण तरी कशाच्या भरवशावर खरी मानायची? विचारता येईल असं माणूस एकच होतं, आणि तिथेच जायचा धीर होत नव्हता. वन्संनीही ‘असं मी कधी वाचलंच नाही’ म्हटलं असतं तर निकाल लागल्यासारखा होता.

बैठकीच्या आदल्या दिवशी त्या गेल्या. वन्सं मुलाकडे राहत होत्या. नजर जवळजवळ गेली होती, जीभ मात्र तशीच होती.

“कोण? चपला घासत येणारी एकच बाई आहे. ये वहिनी. आज कशी वाट चुकलीस?”

“सहज आले. बऱ्या आहात ना?”

“तुझं सहज मला ठाऊक आहे. बस. काय झालं?”

वहिनींनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. “वन्सं, तारमास्तरांच्या त्या गोष्टीत… मुलगी दारात येते. मग आई काय म्हणते?”

वन्संनी कपाळाला आठ्या घातल्या. वहिनींना वाटलं, झालं, संपलं.

“पुस्तक वाचलंस वाटतं तू,” वन्सं म्हणाल्या.

“हो.”

“अगं बाई! मला वाटलं होतं मी मरेपर्यंत तू काही पुस्तक हातात धरत नाहीस.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? ते वाक्य माझं आहे. तुझी पोर तेव्हा घर सोडून गेलेली. तू समोर बसून काजं करतेस, आणि मी काय वाचून दाखवू, की ती दारातून परत गेली? तुझी सुई बोटात गेली असती. आलं तोंडात ते बोलून टाकलं आणि पुस्तक मिटलं.”

“आणि शाळामास्तर?”

“एकदा चटक लागली, मग कोणाला मरू द्यावंसंच वाटेना. तारमास्तर भारी कडू माणूस गं! मी सांभाळून घेतलं म्हणून, नाहीतर तुम्ही सगळ्या रडून रडून मालकाचे शर्ट भिजवले असते.”

वहिनींनी भिंतीला पाठ टेकली. त्यांना राग यायला हवा होता. वर्षानुवर्षं त्यांची फसवणूक झाली होती, आणि फसवणूक प्रेमातून झाली म्हणून ती फसवणूक राहत नाही असं नाही. पण त्या क्षणी त्यांना फक्त श्वास आला, पोटापर्यंत.

“म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?”

“डोकं? तुला ते होतं कधी?”

मग वहिनींनी आईचं नाव काढलं, आणि वन्संच्या ध्यानात आलं. त्या चाचपडत पुढे सरकल्या, वहिनींचा हात धरला. “एवढ्यासाठी इतके दिवस एकटी जळत होतीस? आधी यायचंस ना, वेडे.”

“तुम्ही नाही म्हणाला असता तर?”

“मी आणि नाही? इतकं चांगलं वाक्य मी दुसऱ्याच्या नावावर सोडते होय!” वन्सं हसल्या; मग वहिनीही हसू लागल्या, आणि दोघींना ते थांबवता येईना.

बैठकीला वन्संना हाताला धरून आणण्यात आलं. निवृत्त बसवाहकाने रहस्यकथांचा एक लेखक निवडला होता, कारण त्याचं प्रकरण दोन थांब्यांच्या मध्ये संपतं. एका परिचारिकेला अशी लेखिका प्रिय होती जिच्या पुस्तकात आजारी माणसं चिडचिड करतात. शहाण्यासारखी आजारी पडणारी माणसं तिला पुस्तकातच भेटली होती आणि ती खोटी वाटत होती.

वहिनी उभ्या राहिल्या. “माझा लेखक तारमास्तर,” त्या म्हणाल्या. “त्यांनी मुलीला दारापर्यंत आणलं. दार काही उघडलं नाही. ते आमच्या वन्संनी उघडलं. मला तारमास्तरांचा राग नाही. दारापर्यंत तर त्यांनीच आणली ना. पण का आवडतात म्हणाल, तर मी जे ऐकलं त्यासाठी आवडतात, आणि ते त्यांनी लिहिलेलंच नाही.”

“मोठ्याने बोल,” मागून वन्सं म्हणाल्या. “माझं नाव नीट ऐकू येऊ दे.”

खोली हसली. ग्रंथपालबाईंनी मात्र गंभीरपणे विचारलं, मग आवडता लेखक म्हणून नाव कोणाचं घ्यायचं? वहिनींनी थोडा विचार केला आणि सांगितलं की दोघांचंही घ्या, एकाला सोडलं तर दुसऱ्यावर अन्याय होतो. याहून नेमकं उत्तर या प्रश्नाला असेल असं वाटत नाही.

सगळे पांगल्यावर वहिनी कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. चष्मा टेबलावरच राहिला होता. मुलगी न्यायला आली होती, ती म्हणाली, “आई, विसरलीस ना?”

“विसरले गं,” वहिनी म्हणाल्या, आणि मजेत मागे वळल्या.