दोन्ही डफ पालथे

आमचे अण्णा त्या दिवशी हरले का जिंकले, असं गावात गेलं की मला अजून कुणीतरी विचारतंच. मी धाराशिवला कोर्टात टायपिंग करते. तिथं कसा का होईना, निकाल लागतो. एकजण पेढे वाटतो, दुसरा वकिलाच्या नावानं बोटं मोडतो. वडिलांचं मात्र मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारलं की मी चिडते आणि "तुम्हीच ठरवा की" म्हणून मोकळी होते.

अण्णा तसे शेतकरी, पण ओळख सगळी भेदिकाची. भेदिक म्हणजे गाण्यातला सवाल-जवाब. दोन फड समोरासमोर बसतात. एक शाहीर डफावर थाप मारून कोडं घालतो, दुसऱ्यानं ते गाण्यातच सोडवायचं. नाही सुटलं तर आपला डफ समोरच्यापुढं पालथा घालायचा. आमच्याकडं ही नामुष्की लई मोठी. डफ पालथा घातलेला शाहीर पुढं हॉटेलात चहा प्यायला बसला तरी कुणीतरी टोमणा मारतंच.

अण्णांचा डफ कधी पालथा पडला नव्हता. कारण त्यांच्याकडं एक सवाल होता, त्यांच्या गुरूनं दिलेला:

नव्हती धरती, नव्हतं पाणी, नव्हते कुणाला कान,
पहिला नाद उठला तवा, डोलली कुणाची मान?

ह्या सवालापुढं भलेभले आडवे झाले. कुणी शंकराचं नाव घेई, कुणी विष्णूचं, कुणी आणखी कुठला देव काढी. अण्णा नुसती मान हलवायचे. "न्हाय!" की संपलं. खरं उत्तर काय, हे कुणी विचारत नसे. कारण रीत अशी, की उत्तर हवं असेल तर भर सभेत पाया पडून त्या शाहिराचं शिष्य व्हायचं. हरलेल्याला आधीच तोंड लपवायला जागा सापडत नाही, तो वर शिष्य कशाला होतोय!

मीही कधी विचारलं नाही. घरात सोनं आहे म्हटल्यावर रोज कपाट उघडून कोण बघतं?

तर त्या वर्षी अणदूरला खंडोबाच्या जत्रेत, भर दुपारी, अण्णांसमोर एक म्हातारा शाहीर बसला होता. नळदुर्गच्या पलीकडचा, कर्नाटकाच्या अंगाचा. बोलण्यात मधूनच कानडी हेल. वयानं अण्णांपेक्षा चांगलाच मोठा. त्यानं अण्णांना पार घामाघूम केलं. आमच्या फडातल्या लोकांचे चेहरे पडायला लागले, तेव्हा अण्णांनी तो ठेवणीतला सवाल काढला.

म्हाताऱ्यानं डोळे मिटून ऐकला. उत्तर द्यायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. डफ उचलला आणि अण्णांपुढं पालथा घातला. लोकांनी येळकोट केला, भंडारा उधळला. माझी तर शिट्टी मारायचीच बाकी होती. तेवढ्यात म्हातारा गुडघ्यावर हात देत उठला, अण्णांपुढं आला आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

"झालो तुमचा शिष्य," तो म्हणाला. "तरणा हुतो तवा ह्यो सवाल तुमच्या गुरूच्या तोंडून ऐकला हुता. तवा लाज वाटली इचारायची. तवापासनं डोक्यातनं जाईना बगा. आता सांगा शाहीर. कळल्याबिगर मरायचं न्हाय मला."

अण्णा फेटा सारखा करत बसले. मला वाटलं, भाव खातायत. मग बघितलं तर ते म्हाताऱ्याकडं नजर वर करेनात. अगंबाई, ह्यांना येत नाही!

काहीतरी ठोकून द्या अण्णा, मी मनातल्या मनात ओरडत होते. शेषनाग म्हणा, आदिमाया म्हणा. कोण तपासायला जाणार आहे? म्हातारा हात जोडून बसलाय, तुम्ही द्याल ते डोक्यावर घेईल.

"मला ठावं न्हाय," अण्णा म्हणाले. "गुरूनं सवाल दिला, जवाब दिला न्हाय. पुढं देतो म्हणले, आन गेले."

म्हाताऱ्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. जेवायला बसलेल्याच्या पुढनं ताट उचलावं, तसा झाला होता.

"मंग इतकी वर्सं जितत कसं हुता?" त्यानं विचारलं. हा टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"तुमाला येत न्हाय म्हणून," अण्णा म्हणाले. आणि त्यांनी आपला डफ उचलून म्हाताऱ्याच्या डफाशेजारी पालथा घातला.

मग जो गोंधळ उडाला! एक पंच म्हणे, सवाल सुटला नाही म्हणजे अण्णा जिंकले. दुसरा म्हणे, जवाब ठाऊक नसताना सवाल टाकणं ही शुद्ध लबाडी. मानाचा नारळ कुणाला द्यावा कळेना, म्हणून एकजण तो काखेत घेऊन कितीतरी वेळ नुसताच उभा. शेवटी म्हाताऱ्याला फेटा बांधायला गेले, तर तो म्हणाला, "फेटा घेऊन काय करू? मला जवाब पायजे हुता." आणि मंडपाच्या कडेला जाऊन बसला.

मी अण्णांना गाडीत घातलं आणि निघाले. रागानं नुसती फणफणत होते. राग नेमका कशाचा, ते काही समजत नव्हतं. लबाडी केली म्हणून, का कबूल केली म्हणून? फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा माझं तोंड सुटलंच.

"एखादं नाव घेतलं असतं तर काय जीभ झडली असती का? तो बिचारा खूश होऊन गेला असता."

"त्येच की गं," अण्णा म्हणाले. "खरं धरून गेला असता."

अण्णा बशीत चहा ओतून त्याच्याकडं बघत बसले. डोळे भरले होते त्यांचे.

"जन्मभर ह्यो सवाल इचारला म्या," ते म्हणाले, "पर समजून घ्यायला कवाच न्हाय इचारला. समोरच्याला पाडायलाच इचारला. लोकांनी काय काय सांगितलं, ते नीट ऐकलंबी न्हाय. आधीच 'न्हाय' म्हणायचो. त्यात एखांदा खरा जवाब असंल तर? गेला की त्यो!"

"मग आता काय करायचं?" मी वैतागून म्हटलं.

अण्णा एकदम उठले. चहा बशीत तसाच. "चल, गाडी फिरव."

"आता कुठं?"

"माघारी. तरणा हुता तवापासनं त्यो ह्याच्यावर इचार करतोय. त्येला कायतरी वाटलंच असंल की! आन मी येड्यानं त्येलाच इचारलं न्हाय. त्यो जायच्या आत गाठू."

अंगावर भंडारा, फेटा सुटलेला. ज्या सभेत अब्रू गेली, त्याच सभेत परत जायची ह्या माणसाला घाई झाली होती. लोक काय म्हणतील, हे अगदी माझ्या ओठावर आलं होतं. पण मी गाडी फिरवली. मला रडू का येतंय ते कळत नव्हतं, आणि अण्णा शेजारी बसून म्हणत होते, "जरा दाब की गं, दाब."