खुर्चीवरचा लाइनमन

आमच्या टेंभुर्णीत फुटबॉल कसा आला, हे कुणी नीट सांगू शकत नाही. माझं मत असं, की गावातला क्रिकेटचा शेवटचा चेंडू विहिरीत बुडाला आणि तरंगणाऱ्या बॉलची किंमत गावाला त्या दिवशी कळली. रेफरी मीच. जालन्याला रेफरीचं शिबिर झालं तेव्हा गावातून मी एकटा गेल्तो, आणि माझी शिट्टी अशी, की मी ती जोरात फुंकली तर जाफराबादच्या रस्त्यावरच्या जीपा ब्रेक मारतात. एकदा तर आमच्या गायीनं दूध देणं मध्येच थांबवलं.

त्या वर्षी अधिक महिना भर उन्हाळ्यात आला. अधिकात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आहेर करायचा. आमच्या घरी ते जास्तच गरजेचं होतं. आदल्या साली पुतणीच्या लग्नात दाजींना, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, टोपी-टॉवेल द्यायचा राहून गेला. दाजी पंगतीतून उठले, बहिणीला गाडीवर बसवलं आणि निघून गेले. त्यानंतर तिचं माहेर बंद. आता दाजींबरोबर आल्ती, पण पिशवी तिनं उघडली नव्हती. दाराशीच ठेवून दिल्ती. आईनं मला सकाळीच सांगून ठेवलं, की आज जावयाचं तोंड वाकडं झालं तर तूही तुझी पिशवी भर.

नेमकी त्याच दिवशी जाफराबादशी फायनल. आमचा एक लाइनमन उन्हानं आडवा झाला. दाजी कॉलेजात फुटबॉल खेळलेले. झेंडा मी धरतो, म्हणाले. गाव खूश झालं, आणि मग गावाच्या ध्यानात आलं, की जावयाला उन्हात पळवायचं कसं?

सरपंचांनी लाल प्लास्टिकची खुर्ची मागवली, वर मंडपवाल्याची छत्री. मी म्हणालो, बसून ऑफसाइड दिसत नाही; लाइनमन बचावाच्या फळीबरोबर सरकत राहिला पाहिजे, पास सुटतो त्या क्षणी पुढचा गडी फळीच्या पलीकडे आहे का, ते समोरून बघायला. त्यावर गावानं तोडगा काढला: चार तगडे गडी. बॉल जिकडे जाईल तिकडे त्यांनी दाजींसकट खुर्ची उचलून लायनीनं पळायचं.

आणि पळाले की. पहिल्या हाफमध्ये अर्धी गर्दी बॉल सोडून खुर्चीच बघत होती. दाजींना चहा आला, तो त्यांनी धावत्या खुर्चीत बशीतून प्याला. एक थेंब सांडला असेल तर माझी शिट्टी जप्त करा.

दुसरा हाफ संपत आला तरी गोल कुणाचाच नाही. तेवढ्यात आमच्या संघातल्या एका पोराला लांबून पास आला, त्यानं बॉल थेट जाळीत घातला. गाव मैदानात उतरलं. मी वळून बघतो तर दाजींचा झेंडा वर. ऑफसाइड.

आता पंचाईत बघा. दुसरा कुणी असता तर गावानं त्याला झेंड्यासकट गुंडाळला असता. पण जावई. एक म्हातारे हात जोडून पुढे झाले. "जावईबापू, झेंडा जड झाला असंल तर आमच्याकडं द्या. आम्ही धरतो." दुसऱ्यानं विचारलं, उन्हानं डोळ्यापुढं अंधारी तर येऊन न्हाई राह्यली? इतक्या आदरानं शिव्या घातलेल्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. जाफराबादवाले तेवढे दाजींच्या इमानदारीवर टाळ्या पिटत होते.

मी मात्र बघितलं होतं. पास सुटला तेव्हा खुर्चीचे चारही गडी घाम पुसायला थांबलेले. खुर्ची फळीच्या बरीच मागं राहिली होती. आमचा पोरगा खुर्चीच्या अंगाला, त्यांचा बचाववाला मैदानाच्या पार पलीकडं. मागून तिरपं बघितलं की अलीकडचा गडी पुढंच दिसणार. गोल बराबर होता.

मी खुर्चीपाशी गेलो. शिबिरात शिकवलं होतं, लाइनमनशी बोलताना तोंडापुढं हात धरायचा. धरला. खुर्चीमागं बहीण उभी होती, पदराचं टोक दातात.

"दाजी, काय दिसलं?"

"पोरगं पुढं होतं. मी काय झोपून राह्यलो का?"

"खुर्ची मागं होती, दाजी."

"म्हंजे मी खोटं बोलून राह्यलो?" दाजींचा हात खिशात गेला, गाडीच्या चावीकडं. बहिणीनं डोळे मिटले.

नियम सांगतो, रेफरीचा शब्द शेवटचा. नियम करणाऱ्याला बहीण नसावी.

मी मागं सरलो, शिट्टी मारली आणि खुर्ची उचलणाऱ्या चौघांना एकदम पिवळं कार्ड दाखवलं. मग अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं बोललो, "जावयाची नजर बिलकुल बराबर हाये. जिथं बसवलं तिथून जे दिसतं, तेच त्यांनी सांगितलं. जावयाला चुकीच्या जागी बसवलं कुणी? गावानं. चूक सासरवाडीची."

एवढं म्हटल्यावर सरपंच काय करणार? रिवाजच तसा. सासरवाडी चुकली की जावयाचा मान करायचा. आमच्याच घरून आहेरासाठी आणून ठेवलेली टोपी आणि टॉवेल धावत आला. सरपंचांनी भर मैदानात दाजींना टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. लग्नात राहिलेला मान असा टचलाइनवर फिटला. दाजींनी खुर्चीकडं बघितलं, लांब फळीकडं बघितलं आणि झेंडा खाली घेतला.

"मंग द्या गोल. आन् ही खुर्ची न्या. मी पळतो."

जाफराबादचा कॅप्टन माझ्याजवळ आला. म्हणाला, "सर, तुमच्याकडं आहेर केल्याशिवाय झेंडा खाली येत न्हाई का?" मी त्याला बॉल मध्यावर ठेवून खेळायला सांगितलं.

उत्तर दाजींनीच दिलं. आमच्या पोरानं पुन्हा गोल केला आणि पुन्हा झेंडा वर. या वेळी दाजी टोपी सांभाळत पळत येऊन फळीच्या अगदी समोर उभे होते. मी ऑफसाइड दिला. एका गोलानं जिंकलो.

संध्याकाळी दाजींनी किती धोंडे खाल्ले ते सांगितलं तर तुम्ही माझ्या बाकीच्या गोष्टींवरही शंका घ्याल. जेवून ते गाडीला किक मारून एकटेच निघाले. बहीण पेरणीपर्यंत राहील, म्हणाले. बहिणीनं दाराशी ठेवलेली पिशवी उचलली, आतल्या खोलीत नेली आणि पहिल्यांदा उघडली.

मला आईनं उरलेला एक धोंडा दिला. तोही फुटका.