गोदावरीबाई शांत नव्हती

गोदावरीबाई शांत होती म्हणे! शांततेची मूर्ती! सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात गावचे बडे जमीनमालक मधुकरराव माइकसमोर उभं राहून हे बोलत होते, अन् मांडवाच्या कडेला चटईवर बसलेल्या उषाबाईच्या अंगाचा तिळपापड होत होता. गावाचं नाव मी सांगत नाही, उगीच भांडणं लागतील. आसगावहून दोन कोस आत, एवढं पुरे. गोदावरीबाईला जाऊन चार महिने झाले होते, अन् तिच्या नावानं नव्या बोअरिंगचं उद्घाटन होतं. बोअरिंगच्या ओट्यावर संगमरवरी पाटी बसवली होती. उषाबाई चौथी शिकलेली. तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं: ‘शांतिमूर्ती गोदावरीबाई यांच्या स्मरणार्थ. टोलीच्या महिलांना स्वहस्ते पहिले पाणी पाजणाऱ्या मातोश्री शेवंताबाई यांच्या शुभहस्ते.’

टोली म्हणजे गावाबाहेरची दलितवस्ती, अन् मातोश्री म्हणजे मधुकररावांची माय. पंच्याहत्तरीची म्हातारी पुढच्या खुर्चीवर हार घालून बसली होती.

“मधुकरराव, खोटं बोलून राह्यले तुम्ही!” उषाबाई ताडकन उठली. कोणी म्हणालं बस, कोणी पदर ओढला. ती कायची बसते? “इतकी वर्षं गप्प होती मी. आता दगडावर लिवलं तुम्ही. आता नाही बसत.” अन् तिनं भर मांडवात सगळं सांगितलं.

गोदावरीबाई रोवणीच्या, म्हणजे धान लावणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी होती. तोंडाची अशी फाटकी, की तिच्या शिव्या ऐकून बैलही जागेवर थांबत. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मुकादमानं एका म्हातारीला लाथ घातली, तेव्हा हिनं त्याच्या दोन कानाखाली ओढल्या होत्या. ओढल्या ते बरंच केलं! पण झालं काय? दुसऱ्या दिवसापासून पूर्ण टोलीचं काम बंद. चाळीस घरं पंधरा दिवस आंबाडीच्या भाजीवर राहिली. “थापड म्या मारली अन् उपाशी लेकरं राह्यली,” ती म्हणायची. तेव्हापासून राग आला की ती दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहायची. लोकांना वाटायचं बाई नम्र आहे. नम्र कुठली? आपल्याच हातांचा तिला भरोसा नव्हता.

अन् राग यायला कारणं कमी होती का? टोलीनं छप्पन्न सालीच बुद्धाचा धर्म घेतला होता, पण वरच्या गावाचं डोकं होतं तिथंच होतं. रोवणीला बाया सगळ्यांना लागायच्या. चिखलात वाकून, कंबर मोडून धान लावायला टोलीच्या बायांचे हात चालायचे. पण बांधावरच्या घड्याला तेच हात चालायचे नाहीत. वरच्या गावच्या बाया लोट्यानं घेऊन प्यायच्या. टोलीच्या बायांनी ओंजळ धरायची, अन् मालकाच्या घरचं कोणी तरी वरून ओतायचं. अर्धं तोंडात, अर्धं छातीवर.

अठ्ठ्याहत्तर साली मधुकररावांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, चार दिवसांची रोवणी होती. पहिल्याच सकाळी गोदावरीबाईनं टोळीला सांगितलं, “काम सोडाचं नाही. काम सोडलं तर आळशी म्हनतीन. चांगलं रोवाचं, सरळ रोवाचं. पन या मालकायचं पानी प्याचं नाही. अन् घरूनही आनाचं नाही.”

आता त्या गावची एक समजूत ऐका, म्हणजे समजेल. रोवणीवरून बाई तहानलेली परत गेली, तर त्या बांधीतलं धान पोचट भरते, असं तिथं मानत. शेवटच्या दिवशी शेवटचा कोपरा ठेवून बाया मालकाच्या घरचं पाणी पीत, “भरून पिको” म्हणत, अन् मगच तो कोपरा रोवत. गोदावरीबाईनं नेमकी हीच नस धरली: आमच्या हातानं लोटा बुडवू द्याल, तरच शेवटचा कोपरा रोवू.

पहिला दिवस निभला. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला अन् ऊन असं तापलं, की पोटऱ्यांएवढ्या पाण्यात उभं राहून जीभ टाळूला चिकटली. उषाबाई तेव्हा वीस वर्षांची. घरी तीन महिन्यांची पोरगी, अन् अंगावरचं दूध आटत चाललेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती चिखलात आडवी झाली. टोळीच्याच बाया गोदावरीबाईवर तुटून पडल्या. “पोरीचा जीव घेतं काय वं? ओंजळीनं पेलो तं का मरतो आपन? जलमभर पेलोच ना!” गोदावरीबाईनं उषाचं डोकं मांडीवर घेतलं. “उषे, तू पी,” ती म्हणाली, “तुले मुभा हाय.” तिचा आवाज पहिल्यांदा कापत होता. उषाबाईनं तोंड घट्ट मिटलं अन् मान हलवली. ते पाहून भांडणाऱ्या बाया उठल्या अन् आपापल्या जागी जाऊन रोवू लागल्या.

चौथ्या दिवशी शेवटचा कोपरा राहिला. बाया बांधावर येऊन उभ्या राहिल्या.  मागच्या साली निम्मं धान पोचट निघालं होतं. म्हणून शेवंताबाई स्वतः घडा डोक्यावर घेऊन आली, बांधावर ठेवला, वर लोटा ठेवला, अन् पाठ फिरवली. म्हणजे तुम्ही काय ते उरका, मी पाहिलंच नाही!

बाया घड्याकडं धावल्या. “थांबा,” गोदावरीबाई म्हणाली. “मालकीनबाई, तोंड इकडं करा. आमी चोर नाही.”

मधुकरराव तिथंच छत्री घेऊन उभे होते. तरणाबांड गडी, अन् डोकं भडकलेलं. त्यांनी गोदावरीबाईला असा धक्का दिला, की ती तोंडावर चिखलात पडली. उठली. दोन्ही हात पाठीमागं बांधले, अन् पुन्हा म्हणाली, “मालकीनबाई, तोंड इकडं करा.” पुन्हा धक्का. हात पाठीमागं, म्हणून सावरताही येईना. उठली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा ओठ फाटला. उषाबाईनं बांधावरचा धोंडा उचलला होता. नेम मधुकररावांच्या कपाळावर होता, अन् ती चुकली नसती.

“उषे, टाक तो धोंडा.”

“काहून टाकू? मारून राह्यला तो तुले!”

“दिसते मले. टाक.”

टाकला. शेवंताबाई तेव्हा वळली. लेकाला म्हणाली, “बस झालं, मधू.” गोदावरीबाईनं तिच्या डोळ्यात डोळे घालून लोटा बुडवला, रक्तासकट पाणी प्याली, अन् लोटा पुढं दिला. एकेक करून बाया प्याल्या. उषाबाईची पाळी आली तशी तिनं लोटा भरला अन् खाली ओतून दिला. “थुंकते मी यायच्या पान्यावर!”

गोदावरीबाईनं लोटा पुन्हा भरला. “पी,” ती म्हणाली, “रागानं पी. पन पी. तुह्या पोरीले हे भांडन पुन्हा भांडा नाही लागलं पाह्यजे.”

उषाबाई रागानंच प्याली, अन् मग बायांनी तो कोपरा रोवला. त्या सालापासून त्या गावच्या बांधांवर घडा अन् लोटा सगळ्यांचा एकच राहिला.

एवढं सांगून उषाबाई थांबली.  मधुकरराव हसले. “उषाबाई, तुले तं चक्कर आली होती तवा. उन्हात मानसाले काहीही दिसते. माय इथंच बसली आहे. विचार तिले.”

सगळ्यांच्या माना वळल्या. शेवंताबाईनं गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला.

“तीनदा ढकललं तू तिले, मधू,” म्हातारी म्हणाली. “अन् मी पाठ करून उभी होती. म्या कोनाले पानी पाजलं नाही. तिनं घेतलं. ते पाटी काढ.”

मधुकररावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. माइकवाल्यानं माइक बंद केला. सरपंच उगीच इकडंतिकडं पाहू लागले, मग त्यांनी गवंड्याला हाक मारली. सिमेंट अजून ओलंच होतं, पाटी लगेच सुटली.

लोकांना वाटलं, उषाबाई आता म्हातारीच्या पाया पडेल, मिटलं म्हणेल. ती खुर्चीसमोर येऊन उभी राहिली, अन् तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज धारदार होता.

“नऊ वर्षं तुमच्याच शेतात राबली ते, मालकीनबाई. चार महिन्याखाली गेली. तिच्या देखत का नाही बोलल्या?”