हेरफर्डशायर आणि तिसरा आग्रह

दोन हजार सातची गोष्ट. पुण्याची सुनेत्रा दांडेकर कॅनडातल्या मार्कहॅमच्या एका कंपनीत नकाशे करायची. तिच्या वाट्याला इंग्लंडमधलं हेरफर्डशायर आलं आणि बाईने दीड वर्षं त्या परगण्याला वाहून घेतलं. तिथली तांबडी माती, वाय नदीची वळणं, सफरचंदांच्या बागा, पांढऱ्या तोंडाची गुरं, बिअरमध्ये घालायच्या हॉप्सचे वेल, वेल्सच्या सीमेवरचे पडके किल्ले, सगळं तोंडपाठ! मार्कहॅममध्ये ग्रोसरीला जाताना ती रस्ता चुकेल, पण हेरफर्डशायरची पाणंद चुकणार नाही. एकदा ते डोळ्यांनी बघायचं, एवढीच तिची इच्छा होती.

आणि संधी चालून आली. नकाशा तिथे जाऊन पडताळायचा होता. मॅनेजर डगने भर मीटिंगमध्ये विचारलं, "सुनेत्रा, तू जाशील?"

आता आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा पानावर हात आडवा धरायचा आणि तिसऱ्या आग्रहाला जिलबी पडू द्यायची. सुनेत्रा संकोचून म्हणाली, "नको नको, नायजेलला पाठवा की."

"ओके," डग म्हणाला आणि पुढच्या विषयाकडे वळला. कसला आग्रह नि कसलं काय!

बरं, हा नायजेल कोण? तर वसईचा, घरी मराठी बोलणारा. डगला नाही कळलं, पण याला कळायला नको? मेल्याने मान खाली घालून तारीख लिहून घेतली. सुनेत्राचा नुसता जळफळाट झाला. पण सांगते कुणाला? दोन आठवडे घरी भांडी आपटली. नवरा शैलेंद्र बिचारा बेसमेंटमध्ये जाऊन बसायचा.

मे महिन्यात एका सकाळी तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

"सुनेत्रा, मी नायजेल. वाट चुकलोय गं. दोन्हीकडे उंच कुंपणं, काही दिसत नाही."

"समोर काय आहे?"

"विटांची गोल इमारत. वर निमुळतं छप्पर."

"हॉप्स वाळवायची जुनी भट्टी ती. डावीकडे वळ. दगडी पूल लागेल, मग चर्च. त्याचा घंटेचा मनोरा वेगळा उभा आहे बघ."

थोडा वेळ फोनमध्ये नुसती पावलं वाजली. मग तो ओरडलाच, "अगदी तस्सं! अगं, तू इथे कधी येऊन गेलीस?"

"कशी येणार? मीच नको म्हटलं ना!" तिचा आवाज चिरकला.

पलीकडची पावलं थांबली.

"मला तेव्हाच कळलं होतं गं," नायजेल म्हणाला. "पण मलाही यायचं होतं."