जिन्यावरचा तिसरा दिवा

दिव्यांच्या दुकानात सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक उजेडकाका म्हणाले नसते तरच नवल. त्यांचं खरं नाव दुकानाच्या मालकालाही हजेरीपुस्तक उघडल्याशिवाय आठवत नसे. दिवे विकायला दुकानात बाकीचे होते. काका दिवे निवडून देत. घर असो, दवाखाना असो, चपलांचं दुकान असो, काका आधी जागा बघायला जाणार, दिवा तात्पुरत्या वायरवर टांगणार, त्याच्याखाली उभे राहणार आणि स्वतःच्या डोळ्यांनी पास केल्याशिवाय तो भिंतीवर चढू देणार नाहीत. मालकाने एकदा उजेड मोजायचं यंत्र आणलं होतं. काकांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. "याला विचारा, या उजेडात माणूस आजारी दिसतो की बरा दिसतो ते," ते म्हणाले. यंत्राने काही उत्तर दिलं नाही.

माणूस तऱ्हेवाईक होता, पण उगाच नव्हता. शिंप्याच्या मशीनवर दिवा डावीकडूनच हवा, नाहीतर टाक्यावर हाताची सावली पडते. आरशाला दिवा दोन्ही बाजूंनी द्या, वरून दिलात तर नवरीसुद्धा तापातून उठल्यासारखी दिसेल. आणि जिना म्हटला की काका हटूनच बसत. उजेड पायरीवर पडला पाहिजे, उतरणाऱ्याच्या डोळ्यात जाता कामा नये. डोळ्यात गेला की सगळा जिना झगझगीत दिसतो आणि नेमकी पायरी तेवढी दिसत नाही. हे त्यांनी इतक्या जणांच्या डोक्यात भरवलं होतं, म्हणून पुढे जे झालं त्याचं जास्तच वाईट वाटतं.

दीड वर्षापूर्वी काका चष्म्याचा नंबर काढायला गेले. डॉक्टरीणबाईंनी नंबर काढलाच नाही. बराच वेळ डोळ्यात बॅटरी मारून त्या म्हणाल्या, "डोळ्यामागची नस सुकत चाललीय. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती थेंबांनी टिकवायची. हळूहळू सगळं अंधुक वाटायला लागेल. घरी सांगा, कामावर सांगा." काकांनी मान डोलावली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "नंबर थोडा बदललाय." थेंबांची बाटली ते दुकानातल्या कपाटात, जुन्या कॅटलॉगांच्या मागे ठेवू लागले. मनाची समजूतही घालून झाली. उजेड काय डोळ्यांनी निवडतात? अनुभवाने निवडतात.

तेव्हापासून घरातले दिवे बदलू लागले. आधी स्वयंपाकघरातला, मग जेवायच्या टेबलावरचा, मग न्हाणीघरातला. बायको आधी हसली. "अहो, आपल्याकडे आता चोरसुद्धा गॉगल लावून येईल," ती म्हणायची. मग तिने हसणं सोडलं आणि टेबलावरच्या दिव्याला मुकाट्याने जुनी ओढणी गुंडाळली. काकांनी ती काढली, तिने पुन्हा गुंडाळली. त्यावर दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही. इतकी वर्षं संसार केलेल्या घरात अशी गप्प राहण्यासारखी गोष्ट शिरली की ती भांडणापेक्षा वाईट असते.

आणि एक दिवस बाजारातल्या एका हॉटेलच्या मालकाचा फोन आला. हॉटेलचा एक मोठा हॉल तळघरात होता आणि तिथे उतरणाऱ्या जिन्यावरचे दोन दिवे आठ महिन्यांपूर्वी काकांनीच निवडले होते.

"काका, आमचे मामा पडले हो जिन्यावरून."

मामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने वेटर, वयाने काकांच्याच बरोबरीचे. हातात भरलेला ट्रे, वरून तिसऱ्या-चौथ्या पायरीला पाय हुकला आणि थेट खाली. खुब्याचं हाड मोडलं.

"म्हाताऱ्याला दिसत नाही आणि सांगतही नाही," मालक वैतागून म्हणाले. "असल्या माणसाला कामावर ठेवायचं कसं? आता येऊ नका म्हणून निरोप धाडलाय. पण ते जाऊ दे. उद्या दुपारी खाली पन्नास-साठ लहान मुलं जेवायला येणारेत. मला रिस्क नको. आणखी एक दणकट दिवा लावून द्या."

दिसत नाही आणि सांगतही नाही. हे वाक्य आपल्याचसाठी कुणीतरी फोनवरून म्हटलं असं काकांना वाटलं. "येतो," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि मग बराच वेळ ते कॅटलॉगाचं एकच पान बघत बसले. त्या पानावर उशांचे अभ्रे असते तरी त्यांना कळलं नसतं.

दुपारी ते वायरमनला घेऊन चालत निघाले. हा वायरमन वीस वर्षं त्यांच्या हाताखाली तयार झालेला, स्वतःच्या दोन मुलांचा बाप, काकांपुढे मात्र अजून आवाज खाली ठेवून बोलणारा. रस्त्यात दोन्ही बाजूंना काकांनी उजळलेली दुकानं होती. एरवी काका ती ऐटीत दाखवत. आज त्यांची नजर औषधांच्या दुकानापाशी अडली.

"इथे काउंटरवर चार दिवे होते ना रे?"

"होते."

"मग आज काळोख का?"

"काळोख नाहीये काका," वायरमन पुढे बघत म्हणाला. "दोन काढलेत."

"कोणी?"

वायरमनने खांद्यावरची शिडी उगाचच दुसऱ्या खांद्यावर घेतली. पुढे मोबाइलच्या दुकानातली मुलगी आत बसूनही टोपी घालून बसली होती. त्याच्या पलीकडे चष्म्यांच्या दुकानात दिव्यांवर तपकिरी कागद चिकटवला होता. काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होतीच, आता ती गप्प बसेना. तरी ते चालत राहिले, कारण थांबलं तर विचारावं लागलं असतं.

तळघराचा जिना अरुंद, करड्या गुळगुळीत फरशीचा. काका भिंतीला धरून खाली उतरले. वायरमनने शिडी लावली आणि नवा दिवा जिन्याच्या पायथ्याशी समोरच्या भिंतीवर, आधीच्या दोन्हींच्या मधे, तात्पुरता टांगून बटण दाबलं.

काकांना खरंच बरं वाटलं. कित्येक महिन्यांत दिसली नव्हती तशी एकेक पायरी त्यांना वेगळी दिसली. कडेची रेघ दिसली, फरशीतला तडासुद्धा दिसला. मघापासूनची भीती उगाच होती, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

"झकास," ते म्हणाले. "जा, वर जा आणि उतरून ये."

वायरमन वर गेला, वळला आणि थांबला. त्याने एक हात डोळ्यांवर आडवा धरला, दुसऱ्याने भिंत चाचपली. थंड पाण्यात पाऊल घालावं तसा तो पाय पुढे करून पायरी शोधू लागला.

"अरे, उतर की!"

"काका, पायरी दिसत नाही."

"नीट बघ."

"कसं बघू? सगळं पांढरंफट आहे." मग वायरमन वरच्या पायरीवर बसलाच. "वर्षभर हेच चाललंय काका. लोक मला फोन करतात, मी गुपचूप जाऊन दिवे बदलून येतो. तुम्हाला लागेल म्हणून बोललो नाही. इथून फोनच आला नाही हो."

हॉटेलचे मालक त्याच्यामागे उभे होते, डोळे बारीक करून. "मी कशाला फोन करू? काकांनी पास केलेले दिवे. मला त्रास व्हायचा, पण म्हटलं आपल्यालाच कळत नसेल."

काका खाली एकटे उभे होते. त्यांना भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी. सांगितलं की सदतीस वर्षं गेली. उद्यापासून कोणी आपल्याला स्टूल हलवायलाही बोलावणार नाही. न सांगणं सोपं होतं. "सवय होईल," एवढंच म्हणायचं. हल्ली ते सगळ्यांना हेच म्हणत आणि लोक ऐकतही. आताही दोघं ऐकतील. आणि उद्या दुपारी पन्नास-साठ मुलं या जिन्यावरून धावत येतील.

"मामांचे डोळे चांगले आहेत," काका म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "माझे गेलेत. दीड वर्ष झालं. मला माहीत होतं."

त्यांनी वर मालकांच्या दिशेने बोट केलं.

"त्यांना फोन करा. आत्ता, माझ्यादेखत. चूक त्यांची नव्हती म्हणून सांगा, आणि बरे झाले की कामावर या म्हणून सांगा."

मालकांनी फोन लावला. पलीकडून मामा काय म्हणाले ते काकांना ऐकू आलं नाही. मालक मात्र दोनदा "चुकलं" म्हणाले आणि मान खाली घालून ऐकत राहिले.

संध्याकाळपर्यंत वायरमनने तिन्ही दिवे उतरवले आणि दुकानातून छोटे, मंद दिवे आणून भिंतीत घोट्याच्या उंचीवर बसवले. कुठे बसवायचे ते काकांनी सांगितलं; ते अजून त्यांना येत होतं. कसे दिसतात ते मात्र त्यांनी दुसऱ्यांना विचारलं. हॉटेलचे मालक उतरून आले, भिंतीला हात न लावता. आचारी आला, दोन्ही हातांत पातेलं घेऊन. भांडी घासणारी बाई आली आणि खालूनच ओरडली, "आता कसं छान दिसतंय!"

काका वरच्या पायरीवर उभे होते. त्यांच्या पायाशी काळोख सुरू होत होता आणि त्यात त्यांना एकही पायरी दिसत नव्हती. त्यांनी हात पुढे केला. वायरमनने तो धरून आपल्या खांद्यावर ठेवला.

"किती पायऱ्या आहेत रे?"

"अठरा."

काकांनी पहिलं पाऊल खाली टाकलं आणि मोजायला सुरुवात केली.