मास्तरांचं 'बघू'

कपड्यांच्या त्या कारखान्यात कटिंग मास्तरांना पाठीमागे सगळे 'बघू मास्तर' म्हणत. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला 'हो' म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. रजा मागा, घरच्या लग्नाला बोलवा, उत्तर एकच, "बघू." आणि लग्नाला सगळ्यांच्या आधी हजर! 'नाही' म्हणायचं असलं तर ते काहीच बोलत नसत, नुसता चष्मा पुसत. जुन्या मालकांना हे पाठ होतं. नवा कारागीर ठेवायचा की नाही, हे ते मास्तरांच्या चष्म्याकडे बघून ठरवत.

मग नव्या मालकांनी मॅनेजर नेमली. पोरगी सव्वीस वर्षांची, स्वभावाने लाघवी. रोज सकाळी सगळ्यांना गोलात उभं करून विचारायची, "आज कसं वाटतंय?"

"उभं राहून पाय दुखतायत," मास्तर म्हणायचे. सगळे हसत, तीही हसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोल.

मास्तरांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. कापडाच्या साठ थरांवर एकदम सुरी चालवायची, हात चुकला की साठ शर्ट वाया. हे टेबल कुणाच्या हाती सोपवायचं, या एकाच काळजीने त्यांचा जीव पोखरला होता.

सहा उमेदवार आले. मास्तरांनी आपली जुनी परीक्षा मांडली. दहा थर, त्यातला सातवा मुद्दाम उलटा. पाच जण भरपूर बोलले. सहावी चाळिशीची बाई. तिने कडेवरून बोट फिरवलं, एकेक थर चाळला आणि सातवा ओढून काढला.

"हा काय झोपेत घातलात, मास्तर?"

मास्तरांना हसू आवरेना. "शिकलात कुठे?"

"वडिलांच्या हाताखाली. प्रमाणपत्र वगैरे नाही हो माझ्याकडे."

ती बाहेर गेल्यावर मॅनेजरने टॅबलेट पुढे धरला. "हिच्याबद्दल तुमचं मत?"

"बघू!" मास्तर इतक्या खुशीत कधीच म्हणाले नव्हते.

सोमवारी टेबलाशी त्या पाचांतला एक प्रमाणपत्रवाला तरुण उभा.

"ती बाई कुठंय?"

"तुमचं मत 'अनिश्चित' होतं ना? त्यात वरच्यांना प्रमाणपत्र हवं, वय कमी हवं. तुम्ही 'हो' म्हणाला असतात तर मी भांडले असते, मास्तर."

"मी हो म्हणालो होतो!"

"तुम्ही 'बघू' म्हणालात."

"तेच ते!"

तिला बिचारीला खरंच कळेना. तिने लगेच त्या बाईला फोन लावला. बाई शनिवारीच समोरच्या कारखान्यात रुजू झाली होती.

तरुणाने थर घातले. तिसरा उलटा, आठवा उलटा. "सर, हे काम आपण अजून फास्ट करू शकतो," तो म्हणाला.

"तीन महिन्यांत होईल ना हा तयार?" मॅनेजरने विचारलं. "अगदी स्पष्ट सांगा."

"नाही!" मास्तर असे ओरडले की शिलाईच्या मशिनी थांबल्या.

मॅनेजरचा चेहरा उजळला. "हे बघा, असं बोलत जा ना! मग त्याला सहा महिने देऊ. तुम्ही अजून तीन महिने थांबाल ना?"

मास्तरांचा घसा बसला होता. त्यांनी त्या थरांकडे पाहिलं, खिडकीतून समोरच्या कारखान्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चष्मा काढून पुसायला घेतला.

"थँक्यू, मास्तर!" म्हणत मॅनेजरने टॅबलेटवरच्या 'हो'वर बोट दाबलं.